चारच बोलत होत्या

वरुडच्या अलीकडे, फाट्यावरून आत चार किलोमीटर,
पूर्वी कापूस भरायचो त्या खोलीत
मी परक्या माणसांचे दात घडवते.

दिवस मावळला की त्यांचे जबडे येतात,
कुठल्याशा देशातल्या डॉक्टरांनी मोजलेले:
वरचा, खालचा, आणि दोन्ही मिटल्यावरचा.
एकेक जबडा घमेलंभर आकड्यांचा.
तो उतरेस्तोवर मी ओट्यावर बसायची
बाबांच्या सुपातल्या तुरीच्या शेंगा सोलत.
आत स्क्रीनवर पट्टी मुंगीसारखी सरकायची.
बाबा विचारायचे, "आला का त्याचा जबडा?"
त्यांच्या स्वतःच्या तोंडात दात तीन.

यंदा फायबर आलं, त्याच खांबांवरून
ज्यांवर देवमन वायरमन
एकतीस वर्षं चढला-उतरला.
मी हजाराचा प्लॅन घेतला. नवा राउटर.
आठ तोंडांचा स्विच, अमरावतीहून.
आणि खोलीत वेग मोजला: चौऱ्याण्णव.
बंद करून चालू केलं. चौऱ्याण्णव.
शिव्या घातल्या. चौऱ्याण्णव.
कंपनीतली मुलगी फोनवर गोड बोलली,
मॅडम, आमच्याकडून पूर्ण येतंय.

दोन संध्याकाळी अशा गेल्यावर
प्रफुल्ल केबलवाल्याचा टेस्टर मागून आणला.
एक लागला. दोन. तीन.
चार नाही. पाच नाही.
सहा लागला.
सात, आठ, अंधार.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला
आणि कौलांखालून जाणारी ती जुनी वायर
अंगठ्यानं चाचपत निघाले.
त्या हाताला करंगळी नाही,
एका डीपीनं नेली, मी चौथीत असताना.
कडुलिंबाची फांदी छपराला टेकते तिथे थांबले.
खारीनं कुरतडलेलं. निळी जोडी आणि तपकिरी.
"आठ हायेत वं विशू. चारच बोलून राहिल्या.
चौघींत भागत होतं, मंग कोन पाह्यते बाकीच्यायले?"

नवी केबल जमिनीखालून न्यायची हे त्यांनी ठरवलं,
मला विचारलं नाही.
पाइपात साबणाचं पाणी ओतलं,
जीआय तार आत सारली, पलीकडून मी ओढली.
"लाईटच्या वायरीपासून वीतभर दूर ठेव.
शेजारी झोपवली का तिची बडबड हिच्या कानात जाते."
मग टोकं सोलून मी पाढा म्हणत गेले,
पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी,
आणि बाबांनी चार बोटांनी आठ तारा सरळ केल्या.
नारंगीला ते संत्रा म्हणाले. आमच्याकडे दुसरं काय म्हणणार.
तीन प्लग वाया गेले. चौथा बसला.

नऊशे एकेचाळीस.
"वरचे एकोणसाठ कुठं गेले?"
वाटेत सांडतात, म्हटलं.
"लाईनलॉस," ते म्हणाले, इतक्या समाधानानं
की जणू खात्यानंच मान्य केलं.

त्या दिवशी चहाला उकळी फुटायच्या आत जबडा उतरला.
मग दुसरा. मग तिसरा.
खिडकीतून आवाज आला, "आला का?"
आला बाबा, केव्हाच.
थोड्या वेळानं शेंगा सोलल्याचा आवाज,
एकाच माणसाचा.
मी उठणार होते. चौथी फाईल उघडून बसली होती.

हिरवा दिवा म्हणजे हजार, पिवळा म्हणजे शंभर,
एवढंच एकदा त्यांना सांगितलं होतं.
आता रात्री केव्हातरी टॉर्च येतो.
पेटलेला दिवा पाहायला टॉर्च कशाला,
पण जन्मभराची सवय, डीपीपाशी टॉर्चशिवाय जात नसत.
वाकतात. "हिरवा हाय," भिंतीला सांगतात.

काल लगेच परतले नाहीत.
मी दुसरी खुर्ची ओढली, स्क्रीन त्यांच्याकडे वळवला,
कुणा अनोळखी बाईचा खालचा जबडा
सावकाश फिरवून दाखवला.
"कोनती गेली इची?"
ही. डावीकडून दुसरी दाढ.
बाबांचा गाल आतून हलला,
जिभेनं त्यांनी आपल्या तोंडात
ती जागा शोधली.